हाताचं ऑपरेशन झाल्यावर घरातले दिवस कसे काढावेत

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी एक काम विसरू नका: फोनमध्ये दुसऱ्या हाताच्या अंगठ्याचा ठसा नोंदवून ठेवा. माझ्या उजव्या मनगटातली दबलेली नस मोकळी करायची होती, म्हणजे ज्याला कार्पल टनेलचं ऑपरेशन म्हणतात ते. रजा, औषधं, कपडे, सगळी तयारी केली होती आणि नेमकं हे राहिलं. उजव्या हाताला पट्टी, डाव्या हाताला सवय नाही, आणि घरी फोन लावायचा तर पासवर्ड आठवेना. पुढच्या काही आठवड्यांत अशी लहान लहान कामंच सगळ्यात जास्त अडतात. जखम भरायला शरीराला वेळ लागणारच आहे, पण रोजच्या अडचणी बऱ्याचशा आधीच सोडवून ठेवता येतात.

या काळात लक्षात ठेवायची गोष्ट एकच आहे. जिथे टाके घातलेत तिथे विश्रांती हवी, आणि ज्या भागाला हलायची परवानगी आहे त्याला पहिल्या दिवसापासून काम हवं. हाताचे सांधे लहान असतात, बोटांमागचे स्नायुबंध, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्या, एकमेकांना खेटून सरकत असतात. आठ-दहा दिवस सूज आणि स्तब्धता मिळाली की ते एकमेकांना चिकटायला लागतात. जखम छान भरली, पण बोटं मिटत नाहीत, अशी तक्रार घेऊन येणारी माणसं हाताच्या फिजिओथेरपिस्टला नेहमी भेटतात.

आदल्या दिवशी

अंगठ्या काढून ठेवा. हात सुजला की अंगठी बोटात रुतते आणि बोटाचा रक्तपुरवठा अडतो. मग ती कापूनच काढावी लागते. नखं कापा आणि नेलपॉलिश पुसून टाका, कारण पुढचे दोन दिवस नखांचा रंग बघायचा आहे. रोज लागणाऱ्या बाटल्या आणि डबे यांची झाकणं सैल करून ठेवा. वरच्या फळीवरच्या वस्तू कमरेच्या उंचीवर आणा. सही लागणारी कागदपत्रं असतील तर ती उरकून टाका.

आणि एक सराव जरूर करा. ज्या हाताचं ऑपरेशन आहे त्याला मोजा घालून सकाळचे दोन तास सगळं दुसऱ्या हाताने करून बघा. दात घासणं, अंघोळ, बटणं, शौचानंतरची स्वच्छता. हे शेवटचं बोलायला संकोच वाटतो म्हणून कोणी सांगत नाही, पण सवय नसताना पहिल्यांदा करायची वेळ ऑपरेशनच्या दिवशीच येऊ नये.

डॉक्टरांना चार प्रश्न लिहून न्या: कोणती बोटं हलवायची आणि कोणती नाही? पट्टी कधी बदलायची? टाके कधी निघणार? रात्री त्रास झाला तर कोणाला फोन करायचा? रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नका, तेही विचारून घ्या.

पहिले तीन दिवस: हात वर

हे तीन दिवस नीट पार पडले तर पुढचं बरंच सोपं जातं. सूज पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक असते आणि ती उतरवायचा सगळ्यात चांगला उपाय म्हणजे हात हृदयाच्या पातळीपेक्षा वर ठेवणं. नुसतं मांडीवरून उचलून पोटावर ठेवला तर ते वर नव्हे. कोपर छातीच्या पातळीला आणि हात कोपराच्याही वर, असं पाहिजे. खुर्चीत बसताना शेजारी टेबल घ्या आणि त्यावर दोन उशा रचा. झोपताना अंगाशेजारी उशी ठेवून त्यावर हात ठेवा, कुशीवर झोपायची सवय असेल तर समोर उशी कवटाळून त्यावर. चालताना हात विरुद्ध खांद्याकडे न्या.

झोळीबद्दल माझी चूक सांगते. मला गळ्यात अडकवायची झोळी मिळाली होती आणि मी ती दिवसभर घालून बसले. त्यात हात पोटाशी लोंबत राहिला, म्हणजे सूज उतरायची सोय झालीच नाही, आणि तिसऱ्या दिवशी खांदा असा आखडला की केस विंचरता येईनात. झोळी बाहेर गर्दीत जाताना कामाची आहे, लोकांना दिसतं आणि धक्का लागत नाही. घरात ती काढून ठेवा, डॉक्टरांनी मुद्दाम कायम घालायला सांगितली नसेल तर.

जखम तळहाताला आणि सूज मात्र हाताच्या पाठीवर, हे बघून घाबरू नका. पाठीवरची कातडी सैल असते म्हणून पाणी तिथे जमतं. बोटांवर निळसर-पिवळा रंग उतरला तर तोही आत साकळलेल्या रक्ताचा असतो आणि हळूहळू जातो.

हात बधिर करून ऑपरेशन झालं असेल तर संपूर्ण हाताची भूल काही तास, कधी कधी दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकते. तेवढ्या वेळात हाताला गरम काय, टोचतंय काय, काहीच कळत नाही. गरम कप, शेगडी, दाराची फट यांपासून हात लांब ठेवा. बधिर हातावर बर्फही ठेवू नका. वेदनेची गोळी भूल पूर्ण उतरायच्या आधी घ्या, ठणका सुरू झाल्यावर नव्हे. एकदा ठणका चढला की गोळीला तो गाठायला वेळ लागतो आणि ती रात्र फार लांब होते.

बोटं हलवणं

जागे असाल तेव्हा दर तासाला पाच मिनिटं. परवानगी असलेली बोटं आधी पूर्ण सरळ करा, मग हळूहळू मिटून तळहाताला टेकवायचा प्रयत्न करा. असं दहा वेळा. मग अंगठा एकेका बोटाच्या टोकाला लावा. शेवटी कोपर वाकवून सरळ करा आणि हात डोक्यावर उचला. ताण जाणवेल तिथपर्यंत जायचं, कळ येईल तिथपर्यंत नाही. अर्धवट हालचाल शंभर वेळा करण्यापेक्षा पूर्ण हालचाल दहा वेळा केलेली बरी. बोटं नुसती वळवळवून काही साध्य होत नाही.

इथे एक मोठा अपवाद आहे आणि तो कृपया हलक्यात घेऊ नका. तुटलेला स्नायुबंध जोडण्याचं ऑपरेशन झालं असेल तर वरचं काहीही मनाने करायचं नाही. त्यासाठी वेगळे, मोजून-मापून दिलेले व्यायाम असतात. शिवलेला जोड पहिल्या काही आठवड्यांत फार नाजूक असतो. साधारण सहा आठवडे स्प्लिंट, म्हणजे हात जागेवर धरून ठेवणारा कडक आधार, असतं आणि जोर लावायची कामं बारा आठवड्यांपर्यंत टाळावी लागतात. अंघोळीपुरतं, एकच वस्तू उचलण्यापुरतं, म्हणून स्प्लिंट काढलं आणि जोड सुटला, की पुन्हा ऑपरेशन. हाड जोडायला तारा घातल्या असतील, रक्तवाहिनी किंवा मज्जातंतू शिवला असेल, तरीही कोणत्या बोटाला किती सूट आहे ते सर्जनकडूनच समजून घ्या.

स्प्लिंटची कड टोचत असेल, खाली कातडी लाल होत असेल तर कापूस कोंबू नका. ते बनवणाऱ्याकडून कड वळवून घ्या, दहा मिनिटांचं काम असतं.

लगेच फोन कधी करायचा

हात वर ठेवून आणि गोळी घेऊनही ठणका वाढतच चाललाय. बोटं पांढरी किंवा निळी पडली आहेत, गार लागतायत. नख दाबून सोडल्यावर दोन-तीन सेकंदांत गुलाबी रंग परत येत नाही. भूल उतरल्यावरही नव्याने बधिरपणा वाढतोय. पट्टी इतकी घट्ट वाटतेय की बोटं हलत नाहीत. रक्ताचा डाग सुकायच्या ऐवजी पसरतोय. ताप, पू, वास, किंवा जखमेपासून कोपराकडे सरकणारी लाल रेघ. यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट पाहू नका. मधुमेह असेल तर जखम चिघळण्याचा धोका जास्त, म्हणून या दिवसांत साखरेवर नेहमीपेक्षा बारीक लक्ष ठेवा. धूम्रपानाने हाताच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेला रक्त कमी पोचतं. निदान जखम भरेपर्यंत तरी सिगारेटला हात लावू नका.

पाणी आणि अंघोळ

पट्टी कोरडी राहिली पाहिजे. प्लास्टिकची पिशवी हातावर चढवा, वरून दुसरी चढवा, दोन्हींची तोंडं वेगवेगळ्या उंचीवर चिकटपट्टीने बंद करा. चिकटपट्टी गोल गोल आवळू नका, नुसती चिकटवा. अंघोळीत हात वर धरा. हात वर असला की पिशवीचं तोंड खाली राहतं आणि पाणी आत जात नाही. हात खाली सोडला की दंडावरून ओघळणारं पाणी थेट आत. पिशवी पाण्यात बुडवायची तर मुळीच नाही. न्हाणीघरात पायाखाली न घसरणारी चटई हवी, कारण तोल गेला की माणूस नेमका ऑपरेशनचाच हात टेकतो.

पट्टी ओली झालीच तर ड्रायरने वाळवत बसू नका. त्याच दिवशी ती बदलून घ्या.

चांगला हात धुवायचा कसा, हा प्रश्न मला आधी सुचलाच नव्हता. दुसरा हात चोळायला नसतो! साबण लावलेलं फडकं बेसिनच्या काठावर पसरा आणि त्यावर हात घासा, पाठीकडून आणि बोटांच्या बेचक्यांतून. त्याच हाताची काख पुसायला लांब दांड्याचा स्पंज लागतो.

कपडे, जेवण, बारीक कामं

कपडा घालताना ऑपरेशनचा हात आधी, काढताना तो शेवटी. एवढं पाठ केलं की निम्मी झटापट संपते. रुंद बाह्यांचे, पुढून उघडणारे कपडे आणि इलॅस्टिकची कंबर. नाडी, हुक, बारीक बटणं नकोत. बुटांच्या लेस बांधायला दोन हात लागतात, म्हणून सरकवून घालायची पादत्राणं.

ताटाखाली ओलं फडकं ठेवलं की ताट सरकत नाही. उभ्या काठाच्या भांड्यातून चमच्याने उचलणं सोपं जातं. बाटली मांड्यांमध्ये धरून झाकण फिरवा. ब्रश बेसिनवर आडवा ठेवून त्यावर पेस्ट पिळा. टायपिंगसाठी फोनला बोलून लिहून घ्यायला सांगा, मराठी त्याला आता बऱ्यापैकी समजतं. सगळं एका हातावर आलं की तो हातही दुखायला लागतो. अंगठ्याने तासन् तास फोन सरकवून चांगल्या हाताचं मनगट बिघडवू नका.

मदत मागायची लाज वाटते, हे खरं आहे. मला रोज सकाळी वेणी घालून घ्यायला कोणाला तरी हाक मारावी लागायची आणि चौथ्या दिवशी डोळ्यांत पाणी आलं. मग आम्ही वेळ ठरवून टाकली, सकाळी आठ. रोजची ठरलेली वेळ असली की प्रत्येक वेळी विनवणी केल्यासारखं वाटत नाही. घरातल्यांनाही एक सांगणं: जी कामं एका हाताने होतायत ती करू द्या, उशीर लागला तरी.

गाडी चालवायची घाई नको. स्प्लिंट असताना, झोप आणणाऱ्या गोळ्या चालू असताना, किंवा अचानक स्टिअरिंग फिरवायची वेळ आली तर हात कळीशिवाय पकडेल याची खात्री नसताना चालवू नका. दुचाकीला ब्रेकही हातानेच दाबायचा असतो, तिथे जास्तच थांबा.

टाके निघाल्यानंतर

टाके साधारण 10 ते 14 दिवसांनी काढतात. त्यानंतर हात बघून धक्का बसतो: कातडी कोरडी, सोलवटलेली, व्रण लाल आणि कडक. जखम पूर्ण मिटली, खपली पडली, पाणी झिरपत नाही, अशी खात्री झाली की डॉक्टरांना विचारून व्रण चोळायला घ्या. साधं वास नसलेलं क्रीम, अंगठ्याचा दाब, व्रणावरच लहान गोल. बोट कातडीवरून घसरायला नको, कातडी बोटाबरोबर हलली पाहिजे. पाच मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. याने आतली चिकटण सुटते. व्रण नुसता स्पर्शानेही झिणझिणत असेल तर आधी मऊ कापूस, मग सुती फडकं, मग खरखरीत टॉवेल असं रोज थोडं थोडं फिरवा. नवीन व्रण उन्हात काळा पडतो, तो झाका. त्याचा रंग आणि कडकपणा कमी व्हायला कधी कधी वर्ष लागतं.

आणि रबरी चेंडू. प्रत्येक भेटायला येणारा माणूस चेंडू दाबायचा सल्ला देतो. सूज असताना, बोटं पूर्ण मिटत नसताना चेंडू दाबू नका. तो हातात असला की मूठ अर्ध्यावरच अडते, आणि आपल्याला तर पूर्ण मूठ परत हवी आहे. आधी हालचाल, ताकद नंतर. मनगटाच्या नसेच्या ऑपरेशननंतर तळहाताच्या बुडाशी, व्रणाच्या दोन्ही बाजूंना, काही महिने दुखू शकतं आणि पकड सैल वाटते. हात टेकून उठताना ते दुखणं खास जाणवतं. माझी पकड परत यायला तीन महिन्यांहून जास्त लागले.

प्रगती रोज बघितली तर दिसत नाही. आठवड्यातून एकदा, ठरावीक वारी, मूठ मिटा आणि बोटाचं टोक तळहातापासून किती लांब राहतं ते पट्टीने मोजून वहीत लिहा. माझ्या वहीत पहिल्या रविवारी मधल्या बोटापुढे 4 सेंटिमीटर लिहिलेलं आहे, वेड्यावाकड्या डाव्या हाताने. सहाव्या रविवारचा शून्य उजव्या हाताने लिहिलेला आहे.