खापरपणजोबांचं वय जुळेना, मग असं जुळवलं

नवरा आयर्लंडमधल्या कॉर्कचा, त्याची वंशावळ शोधताना त्याच्या खापरपणजोबांपाशी मी महिनाभर अडकले होते. 1901 च्या जनगणनेत वय 56 आणि 1911 ला थेट 71, म्हटलं हा दुसराच कुणीतरी. मग कळलं, 1909 पासून तिकडे सत्तरीनंतर पेन्शन सुरू झालं आणि त्यासाठी बऱ्याच जणांची वयं कागदावर एकदम वाढली (आपल्याकडे 1 जूनला जन्मलेली पोरं असतात ना, तसंच!). मग वय सोडून दिलं, बायको-मुलांची नावं नि गाव धरलं, तर घर तेच निघालं. त्यांचा धाकटा मुलगा रॉयल मन्स्टर फ्युजिलियर्समध्ये (ब्रिटिश सैन्यातली आयरिश रेजिमेंट), त्याची सर्व्हिस फाइल 1940 च्या लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यात जळालेली, पण मेडल कार्डावर (सैनिकाच्या पदकांची नोंद असलेलं कार्ड) त्याचा सैनिक नंबर होता. त्याच्या थडग्याचा शेवाळलेला दगड संध्याकाळी टॉर्च तिरपा धरून वाचला, तर तोच नंबर!