केनियात देशी पर्यटक टिकत का नाही? या चुका टाळा

परदेशी पाहुणे आटले की केनियातल्या हॉटेलवाल्यांना घरच्या गिऱ्हाइकाची आठवण होते. 2008 मध्ये निवडणुकीनंतरच्या हिंसाचारामुळे, 2014 मध्ये पाश्चात्त्य देशांनी 'जाऊ नका' म्हटल्यावर आणि 2020 मध्ये कोविडमुळे, तिन्ही वेळा हेच झालं. सवलती निघाल्या, जाहिराती झळकल्या आणि गोरे पाहुणे परतू लागताच उत्साह ओसरला. पुढच्या बहुतेक चुका याच सवयीतून येतात.

प्रवेशशुल्क कमी ठेवलं म्हणजे झालं, असं समजू नका. राष्ट्रीय उद्यानांत केनियन नागरिकाला परदेशी माणसापेक्षा कितीतरी कमी पैसे पडतात. तरी तो जात नाही, कारण खरा खर्च गाडीचा. मटाटू, म्हणजे तिथलं वडाप, गावापर्यंत सोडतं. जंगलात नेत नाही. नैरोबी–मोंबासा नवी रेल्वे 2017 मध्ये सुरू झाली. मधली स्टेशनं घेणारी गाडी वोईला थांबते आणि त्सावो ईस्ट राष्ट्रीय उद्यानाचं फाटक तिथून जवळच आहे. पण चौघांचं कुटुंब बॅगा घेऊन वोईला उतरलं की पुढे काय? सबंध सफारी गाडी भाड्याने घ्या, नाहीतर रेल्वेच्या खिडकीतून हत्ती दिसला त्यावर समाधान माना. इथे हवी रेल्वेच्या वेळेला जोडलेली, सीटमागे तिकीट घेणारी मिनीबस. तेवढी सोय झाली नाही तर बाकीच्या योजना कागदावरच राहतील.

दर डॉलरमध्ये सांगू नका. 2024 च्या सुरुवातीला डॉलर 160 शिलिंगांच्या घरात गेला होता. पगार शिलिंगमध्ये, खोली डॉलरमध्ये, कोण येईल? त्यातून पॅकेज बेतलेलं असतं जोडप्यासाठी, तीन वेळच्या बुफेसकट. केनियन कुटुंब येतं ते मुलं, मावशी, भाचरं असा गोतावळा घेऊन. त्यांना स्वयंपाकघर असलेलं कॉटेज द्या. आणि पैसे एकरकमी मागू नका. एम-पेसा, म्हणजे मोबाइलवरून पैसे देण्याघेण्याची सोय, 2007 पासून आहे, भाजीवालीसुद्धा त्यावर पैसे घेते. 'लिपा पोलेपोले', म्हणजे हप्त्याहप्त्याने, ही पद्धत फ्रिज-टीव्हीला चालते, तर डियानीच्या समुद्रकिनाऱ्याच्या सहलीला का नाही?

कॅलेंडर परदेशी पाहुण्याचं वापरू नका. डिसेंबरात नैरोबीकर मोठ्या संख्येने उशागोला, म्हणजे मूळ गावी जातात. जानेवारीत शाळेची फी भरून खिसा रिकामा. लोक त्या महिन्याला थट्टेने 'न्जानुअरी' म्हणतात, न्जा म्हणजे भूक. ऑगस्टमध्ये शाळांना सुट्टी असते, पण तेव्हाच मसाई मारा अभयारण्यात विल्डबीस्ट या रानजनावरांचे कळप आलेले असतात आणि दर आभाळाला भिडतात. उरला एप्रिल: शाळा बंद, परदेशी गर्दी नाही. मोठा पाऊस असतो हे खरं, पण किनाऱ्यावर निवांत पडून राहणाऱ्याला त्याचं फारसं वावडं नसतं. नेमके तेव्हाच काही लॉज डागडुजीसाठी बंद! ती कामं मे महिन्यात ढकला.

सिंह-हत्तीच विकत बसू नका. उद्यानांच्या कडेच्या गावात वाढलेल्या माणसाला हत्ती म्हणजे उभ्या पिकाची नासाडी. त्याला मोंबासाचा फोर्ट जीझस, लामूची जुनी वस्ती, किसुमूला व्हिक्टोरिया सरोवराकाठी तळलेला मासा, मित्रांबरोबर न्यामा चोमा, म्हणजे भाजलेलं मटण, असलं काही जास्त ओढून नेईल.

राहता राहिलं स्वागत. आपल्या हॉटेलात खोट कुठे आहे ते पाहायचं असेल तर एकदा अनोळखी नंबरवरून, साध्या स्वाहिलीत फोन करून दर विचारा. मग तोच प्रश्न इंग्रजीत विचारा आणि दोन्ही वेळा किती वेळ होल्डवर ठेवतात ते मोजा.