नवऱ्याच्या व्हिसावर न्यूझीलंडला येणाऱ्या मुलींसाठी

आयआरडी नंबर (टॅक्सचा), बँक, बसचं कार्ड, कढीपत्ता कुठे मिळतो, हे सगळं मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पन्नास जण सांगतील. मी जे सांगणार आहे ते तिथे कुणी काढणार नाही, कारण ग्रुपवर सगळ्यांचेच संसार छान चाललेले असतात.

बरीच वर्षं झाली. शेजारच्या युनिटमधून ओरडण्याचा आवाज आला, मग पोलीस आले. मुलगी साताऱ्याकडची, लग्नाला आठ महिने, इंग्रजी जेमतेम. पोलीसबाईंनी मला विचारलं, भाषा येते का? मी लगेच पुढे झाले. ती म्हणाली, "ताई, त्यांनी गळा दाबला." तिचा नवरा दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्याच दिवाळीत आमच्याकडे फराळाला येऊन गेलेला. मी पोलिसांना सांगितलं, दोघांचं भांडण झालंय. पोलीस गेले. त्या घरातून बाहेर पडायला तिला पुढे दीड वर्ष लागलं.

म्हणून पुन्हा पुन्हा सांगते: ओळखीच्या माणसाला दुभाषा करू नका. मैत्रीण नको, मंडळाच्या काकू नकोत, मीसुद्धा नको. "इंटरप्रिटर, मराठी" एवढं म्हणा आणि म्हणत राहा. पैसे पडत नाहीत. आणि गळा दाबला असेल तर तेच शब्द सांगा. २०१८ च्या शेवटापासून तो इथे स्वतंत्र गुन्हा आहे.

पोलिसांना १११ लावायचा. बोलता येत नसेल तर मोबाइलवरून लावून, सूचना ऐकू आली की ५५ दाबा. आलेल्या पोलिसांना धोका वाटला तर ते नवऱ्याला 'सेफ्टी ऑर्डर' देऊन दहा दिवसांपर्यंत घराबाहेर काढू शकतात. घर त्याच्या नावावर असलं तरी, आणि तुम्ही "राहू दे हो" म्हणालात तरीही. पूर्वी ही मुदत पाचच दिवसांची होती. तेवढ्यात सासूबाईंचे फोन यायचे आणि प्रकरण मिटायचं. जास्त काळ संरक्षण हवं असेल तर फॅमिली कोर्टातून 'प्रोटेक्शन ऑर्डर' मिळते. अर्जाला फी नाही, आणि निकड असेल तर नवऱ्याला न कळवता तात्पुरता हुकूम निघतो.

मारलं नाही, फक्त पगार काढून घेतो, माहेरी फोन करू देत नाही, हेही २०१८ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात बसतं. हुंड्यावरून होणारा छळ तर त्यात नावानिशी लिहिला आहे. इथल्या गोऱ्यांना आपलं काय कळणार, असं म्हणणाऱ्यांना हे कलम दाखवा. (गोऱ्यांच्या घरांतही हे दुखणं आहे. २००७ पासून टीव्हीवर त्याच्याविरुद्ध जाहिराती लागत.)

आता 'व्हिसा जाईल' ही भीती. नवरे हीच घालतात, आणि आपले लोक मान डोलावतात. नवरा नागरिक किंवा रेसिडेंट असेल आणि तुम्ही त्याच्या जोडीदार म्हणून आला असाल, तर छळ झालेल्यांसाठी वेगळा वर्क व्हिसा आहे आणि पुढे रेसिडेन्सीचाही रस्ता आहे. भारतात परत गेल्यास आधार नाही किंवा समाज जगू देणार नाही, हे रेसिडेन्सीसाठी मांडावं लागतं. नियम बदलत असतात, तेव्हा कम्युनिटी लॉ सेंटरमध्ये विचारा, फुकट असतं. नवऱ्याच्या ओळखीच्या एजंटला मुळीच विचारू नका.

पासपोर्ट आणि लग्नाच्या दाखल्याचे फोटो आजच माहेरी बहिणीला पाठवून ठेवा.

नोकरीला सहा महिने झाले असतील तर वर्षाला दहा दिवसांची पगारी रजा घरातल्या छळाच्या कारणासाठी मिळते.

संस्थांमध्ये मला 'शक्ती' जवळची वाटते. १९९५ मध्ये ऑकलंडमध्ये सुरू झाली, आशियाई, आफ्रिकी आणि मध्यपूर्वेतल्या बायकांसाठी. नंबर ०८०० ७४२ ५८४. छळ झालेल्या बायकांना आसरा देणाऱ्या 'विमेन्स रेफ्यूज'चा ०८०० ७३३ ८४३. फोनमध्ये साठवताना नाव 'पार्लर' ठेवा. माझ्या फोनमध्ये अजून तेच आहे, आणि नवरा दर दिवाळीला विचारतो, दोन-दोन पार्लर कशाला लागतात.