पेन ड्राइव्हवर लिनक्स चालवताना या चुका टाळा

हार्ड डिस्क गेली म्हणून शाळेत किंवा सेवा केंद्रात धूळ खात पडलेला संगणक यूएसबीवरच्या लिनक्स मिंटने (विंडोजसारखीच, पण फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) पुन्हा चालू होतो. जुगाड चांगला आहे, पण बहुतेकांचा फसतो तो ड्राइव्ह निवडताना. दुकानदार वेग सांगतो, पाकिटावरही वेगच छापलेला असतो. प्रत्यक्षात ड्राइव्ह मरतो तो सतत चालणाऱ्या बारीक लिहिण्याने, उष्णतेने आणि अचानक लाईन गेल्याने. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि वादळ आले की डीपी उडते, त्यामुळे या तिन्ही गोष्टींचा हिशेब आधीच करावा लागतो.

त्याआधी एक विचारून घ्या: ड्राइव्ह खरेच इकडून तिकडे न्यायचा आहे का? संगणक जागचा हलणार नसेल, तर साटा एसएसडी सरळ कॅबिनेटमध्ये बसवा. केसिंगचा (एसएसडी यूएसबीला जोडणाऱ्या डबीचा) खर्च वाचतो आणि खालचे अर्धे त्रास उद्भवतच नाहीत.

पेन ड्राइव्हवरच सिस्टिम बसवणे

ही सगळ्यात मोठी चूक. पेन ड्राइव्ह मोठी फाईल एका दमात उतरवायला बनवलेला असतो. ऑपरेटिंग सिस्टिम मात्र ब्राउझरची कॅशे, लॉग, अपडेट असे चार-चार केबीचे तुकडे दिवसभर लिहीत राहते. फ्लॅश मेमरीत एवढासा तुकडा बदलायचा तरी मोठा ब्लॉक पुसून पुन्हा लिहावा लागतो. ड्राइव्हमधल्या स्वस्त कंट्रोलर चिपला हे काम नीट वाटता येत नाही. म्हणून माउस फिरतो, पण खिडकी अर्धा मिनिट उघडत नाही. संगणक हँग झालेला नसतो, ड्राइव्ह मागचे लिहून संपवत असतो. पेन ड्राइव्ह इन्स्टॉलर ठेवायला आणि अडीनडीला लाइव्ह, म्हणजे न बसवता थेट, चालवायला ठीक. रोजच्या कामाला एसएसडी घ्या.

पर्सिस्टन्स (बदल साठवण्याची सोय) लावलेली लाइव्ह प्रणाली हाही कायमचा उपाय नाही. तिच्यात मूळ सिस्टिम दाबून बंद केलेली असते आणि तुमचे बदल तिच्यावर थर देऊन साठतात. दोन-चार मोठ्या अपडेटनंतर जागा भरते, आणि नवा कर्नल (सिस्टिमचा गाभा) उतरवला तरी संगणक बहुधा जुन्यावरच सुरू होतो.

वेगाच्या मोहात एनव्हीएमई घेणे

यूएसबी २ पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३ पोर्ट ९००. म्हणजे अडीच आणि साडेचार वॅट. एनव्हीएमई (साटापेक्षा कितीतरी वेगवान) एसएसडी जोरात लिहिताना याहून जास्त वीज मागू शकते. पोर्टने ती दिली नाही, की ड्राइव्ह क्षणभर सुटतो आणि चालती सिस्टिम कोसळते. शिवाय ती तापते. टिनाच्या खोलीत दुपारी बंद केसिंगमध्ये ठेवली, तर स्वतःला वाचवायला वेग पाडते. जुन्या संगणकात यूएसबी २ असेल, तर सेकंदाला ३५-४० एमबीच्या पुढे तसेही काही जात नाही.

त्यामुळे २४० किंवा २५० जीबीची अडीच इंची साटा एसएसडी आणि यूएएसपी (यूएसबीवर एसएसडी वेगाने चालवण्याची पद्धत) चालणारे केसिंग हीच जोडी बरी. शक्यतो धातूचे केसिंग घ्या. खरेदीआधी टीबीडब्ल्यू, म्हणजे आयुष्यभरात किती टेराबाइट लिहिता येईल तो आकडा, बघा. सॅमसंग ८७० इव्होच्या २५० जीबी मॉडेलला तो १५० आहे, क्रुशियल बीएक्स५०० च्या २४० जीबीला ८०. रोज २० जीबी लिहिले तरी ८० टीबी व्हायला दहा वर्षांहून जास्त लागतात. ज्या ड्राइव्हवर हा आकडाच मिळत नाही, तो ओळखीच्या दुकानातला असला तरी सोडा. आणि ‘२ टीबी, फक्त अमुक रुपये’ असला पेन ड्राइव्ह हातात आलाच, तर भरवसा ठेवण्याआधी एफथ्री किंवा एच२टेस्टडब्ल्यू या फुकट प्रोग्रॅमने पूर्ण भरून तपासा. बनावट ड्राइव्ह खरी जागा संपली की आधीचे पुसत नवे लिहितो आणि चूकही दाखवत नाही. १२८ जीबीच्या जागी ११९ दिसणे मात्र फसवणूक नाही, तो मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे.

बरीच केसिंग ट्रिमची (कोणती जागा रिकामी झाली ते एसएसडीला सांगणारी) आज्ञा आत पोहोचवत नाहीत. यावर सोपा उपाय म्हणजे नव्या एसएसडीचे विभाग पाडतानाच शेवटची २०-२५ जीबी मोकळी सोडणे. कंट्रोलरला तेवढी जागा फिरवाफिरवीला मिळते.

इंटरनेटवरचा सल्ला जसाच्या तसा उचलणे

‘ड्राइव्ह टिकवायचा तर ईएक्सटी४ चे जर्नल बंद करा, कमिटची वेळ वाढवा’ असे सांगणारे बरेच आहेत. ईएक्सटी४ ही लिनक्सची फाईल सिस्टिम, जर्नल म्हणजे तिने बदलांची आधी करून ठेवलेली नोंद, आणि कमिट म्हणजे मेमरीतले काम ड्राइव्हवर उतरवणे. चोवीस तास वीज असलेल्या घरात चालत असेल. आपल्याकडे लाईन जाते तेव्हा मेमरीत राहिलेले न लिहिलेले काम जाते. मूळ ५ सेकंदांची वेळ ६० केली, तर शेवटच्या मिनिटाचे काम पणाला लागते. जर्नल नसेल तर फाईल सिस्टिमच विस्कटू शकते. दोन्ही आहे तसे ठेवा. लिहिणे कमी करायचेच असेल, तर झेडरॅम (ड्राइव्हऐवजी मेमरीतच माहिती दाबून ठेवणारी सोय) चालू करा, लॉगला ५० एमबीची मर्यादा घाला आणि ब्राउझरची कॅशे मेमरीत ठेवा. उरलेल्या पैशात छोटा यूपीएस घ्या.

बसवताना दुसरा घोळ बूटलोडरचा, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमचा. यूईएफआय (बायोसच्या जागी आलेली नवी पद्धत) संगणकावर मिंटचा इन्स्टॉलर, बूटलोडरसाठी यूएसबी निवडला तरी, आतल्या डिस्कच्या ईएफआय विभागात लिहून ठेवतो. मग ड्राइव्ह दुसरीकडे लावला की काहीच सुरू होत नाही आणि घरच्या संगणकावरचे विंडोज रुसते ते वेगळेच. बसवण्याआधी आतल्या डिस्कची केबल काढा. नंतर ड्राइव्हच्या ईएफआय विभागात ‘बूट’ फोल्डर आणि त्यात बूटएक्स६४ फाईल आहे ना, ते पाहा. नसेल तर ग्रब (मिंटचा बूटलोडर) ‘रिमूव्हेबल’ पर्यायाने पुन्हा बसवा. जुन्या बायोसचे संगणकही चालवायचे असतील, तर जीपीटी (विभाग पाडण्याची नवी पद्धत) डिस्कवर १ एमबीचा बायोस ग्रब विभाग पाडून त्या पद्धतीचा ग्रबही टाका.

बिघडलेच तर

मध्येच सगळे ‘रीड-ओन्ली’ झाले, म्हणजे वाचता येते पण लिहिता येत नाही, तर घाईने फॉरमॅट करू नका. आधी कामाच्या फाईली दुसरीकडे काढा. मग टर्मिनलमध्ये डीमेसेज (dmesg, कर्नलच्या संदेशांची नोंद) वाचा. त्यात यूएसबी रिसेटच्या ओळी असतील, तर दोष बहुधा केबलचा किंवा पोर्टचा. कॅबिनेटच्या पुढचे पोर्ट लांब बारीक तारेने जोडलेले असतात. ड्राइव्ह मागच्या पोर्टला, आखूड केबलने लावा. तरीही रिसेट येत असतील, तर कर्नलच्या क्वर्क्समध्ये (ठराविक उपकरणांसाठीच्या खास सूचनांत) त्या केसिंगपुरते यूएएस, म्हणजे वरची यूएएसपी पद्धत, बंद करा. वेग थोडा उतरतो, पण सिस्टिम टिकते. पुसलेल्या फाईली पुन्हा लावल्यावर परत दिसत असतील, तर फ्लॅश संपली. तो ड्राइव्ह फेकायचा.

लाईन गेल्यानंतर काळ्या पडद्यावर ‘इनिट्रॅमएफएस’ (initramfs, सिस्टिम पूर्ण सुरू होण्याआधीचा टप्पा) दिसले, तर तो सांगतो त्या विभागावर एफएसचेक (fsck, फाईल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारी आज्ञा) चालवा, सगळ्याला होकार द्या आणि रीस्टार्ट करा. तरी ड्राइव्हच सापडत नसेल, तर ग्रबमध्ये रूटडिले १० (rootdelay=10, ड्राइव्हसाठी दहा सेकंद थांबा) द्या. काही केसिंग उशिरा जागी होतात. आणि ब्राउझर प्रत्येक साईटला असुरक्षित म्हणू लागला, तर ड्राइव्हला दोष देऊ नका, घड्याळ बघा. बहुधा मदरबोर्डचा सीआर२०३२ सेल संपलेला असतो.

उन्हाळ्याच्या सुटीत ड्राइव्ह टिनाच्या कपाटात ठेवू नका. आयुष्य झिजून संपलेल्या साध्या एसएसडीने विजेशिवाय ३० अंशांवर वर्षभर माहिती धरावी, एवढीच जेडेक (मेमरी-चिप उद्योगाची मानके ठरवणारी संस्था) मानकाची अपेक्षा आहे, आणि उष्णता वाढली की ती मुदत झपाट्याने घटते. नव्या ड्राइव्हला इतकी भीती नाही. तरी तो घरातल्या थंड खोलीत ठेवा, महिन्या-दोन महिन्यांनी तासभर लावा आणि फाईलींची एक प्रत दुसरीकडे असू द्या.