टेम्पोत चढायला बिचकणारा घोडा: सवय कशी लावावी

घोडा शर्यतीला न्यायचा असो, वरातीला की पन्हाळ्याला, तो टेम्पोच्या फाळक्याशी, म्हणजे मागच्या उघडणाऱ्या दाराशी, येऊन अडला की चार माणसं काठ्या घेऊन मागे उभी राहतात आणि काम तिथंच बिघडतं. अडणारा घोडा हट्टी नसतो, भ्यालेला असतो. उन्हातून टेम्पोच्या अंधाऱ्या हौद्याकडे, म्हणजे माल ठेवायच्या जागेकडे, बघताना त्याच्या डोळ्यांना अंधाराशी जुळवून घ्यायला माणसापेक्षा जास्त वेळ लागतो. त्यात चढायची फळी पायाखाली हलते, पोकळ वाजते. ही भीती घालवायला दोन-तीन आठवडे हाताशी ठेवा. निघायच्या दिवशी सकाळी शिकवणी सुरू करू नका.

आधी गाडी नीट करा. शेताच्या बांधाला किंवा माल चढवायच्या धक्क्याला ती मागून लावली की चढ बराच कमी होतो. फळी आठ फूट लांब, चार फूट रुंद असावी. तिच्यावर फुटाफुटावर आडव्या पट्ट्या ठोका आणि मधोमध खालून टेकू द्या. हौद्यात रबरी चटई अंथरून वर उसाचं पाचट पसरा. नुसतं पाचट पत्र्यावर टाकलं तर ते खुराबरोबर सरकतं, आणि एकदा घसरलेला घोडा ते विसरत नाही. उजेड आत यावा म्हणून ताडपत्री काढून टाका.

पहिले काही दिवस गाडीजवळ जाऊच नका. म्होरकीला, म्हणजे तोंडावरच्या दोरीच्या पट्ट्याला, बारा फुटी जाड सुती दोर लावा आणि घोड्याच्या खांद्याशी उभे राहा. दोर हलका ताणा. त्यानं एक पाऊल पुढं टाकलं, निदान अंग पुढं झुकवलं, की त्याच क्षणी ढील द्या. ढील उशिरा मिळाली तर कशाबद्दल मिळाली हे त्याला कळत नाही. तसंच एकेक पाऊल मागं घ्यायलाही शिकवा. बहुतेक जण हे टाळतात, पण मागं उतरता येत नाही म्हणून आत न जाणारे घोडे पुष्कळ असतात. मग एक जाड फळी जमिनीवर ठेवून तिच्यावरून चालवा.

आता गाडी. एक पाय फळीवर आला की थांबा, मान चोळा, आणि त्यानं माघार घेण्याआधी तुम्हीच त्याला मागं घ्या. मग दोन पाय, पुन्हा मागं. मान खाली येऊन तो ओठ चघळायला लागला की पुढं सरका. मान ताठ, नाकपुड्या फुगलेल्या, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, तर तिथंच थांबा. गुळाचा खडा पाऊल टाकल्यावरच द्या. आधी दाखवला तर घोडा नुसती मान लांबवतो, पाय खालीच राहतात. वीस मिनिटांत आवरा, तेही जमलेल्या पायरीवर.

समोर उभं राहून ओढू नका. घोडा डोकं वर झटकतो, ते लोखंडी कमानीवर आपटतं आणि आतापर्यंतचं सगळं काम वाया जातं. मागून काठी बसली तर तो फळीवरून बाजूला उडी मारतो, पाय फटीत अडकतो. दोर हाताला कधीही गुंडाळू नका.

चारही पाय आत आल्यावर चंदी, म्हणजे धान्याचा खुराक, तिथंच खाऊ द्या. तो शांत उभा राहू लागेपर्यंत फाळका लावू नका. क्रम असा: आधी घोड्याच्या मागचा आडवा बांबू, मग सुटत्या गाठीनं दोर. उतरवताना उलट, आधी दोर सोडा. बांधलेला घोडा मागं उघडं दिसताच झटका देतो आणि मानेला इजा होते.

जनावरांच्या वाहतुकीच्या १९७८ च्या नियमांनुसार पशुवैद्यकाचा दाखला लागतो. दोन घोड्यांच्या मध्ये किमान ८ सेंटिमीटर जाडीचे बांबू हवेत, तोंडं डावीकडं, आणि वेग ताशी ३५ किलोमीटरच्या आत. पहिली फेरी सपाट रस्त्यानं दहा मिनिटांची करा आणि त्याला परत घरच्याच तबेल्यात उतरवा. पन्हाळ्याची वळणं नंतर.