गोलंदाजाच्या कोपराआधी गुण्या मोजा: कॅमेरा कॅलिब्रेशनबद्दल नवख्यांसाठी

स्पोर्ट्स बायोमेकॅनिक्समध्ये, म्हणजे खेळाडूंच्या हालचाली मोजण्याच्या शास्त्रात, नव्याने आलेली मुलं आधी कॅमेऱ्याचं विचारतात. कोणता घेऊ, सेकंदाला किती फ्रेमचा घेऊ? माझं उत्तर ठरलेलं आहे. हाताशी असलेले दोन बरे कॅमेरे वापरा आणि कॅलिब्रेशनला अर्धा दिवस द्या. गोलंदाजाला चेंडू टाकताना कोपर १५ अंशांपर्यंत सरळ करण्याची मुभा २००५ पासून आहे. तुमचं मोजमापच चार-पाच अंश इकडेतिकडे होत असेल, तर एखाद्या पोराच्या अ‍ॅक्शनवर शेरा मारायचा तुम्हाला अधिकार नाही.

कॅलिब्रेशनमध्ये दोन गोष्टी शोधायच्या असतात: लेन्सचा स्वभाव (फोकल लेंग्थ, प्रतिमेचा मध्य, कडांना येणारा बाक) आणि कॅमेरा मैदानात नेमका कुठे, कुठल्या दिशेला तोंड करून उभा आहे ते.

लेन्ससाठी चेकरबोर्ड, म्हणजे बुद्धिबळाच्या पटासारखा काळ्या-पांढऱ्या घरांचा छापील बोर्ड, पुरतो. प्रिंट सनबोर्डवर चिकटवा, पोक येता कामा नये. प्रिंटिंगवाला ‘फिट टू पेज’ करून देतो आणि ३० मिलिमीटरचं घर २९ चं होतं. तेव्हा सलग दहा घरं स्टीलच्या पट्टीने मोजा, दहाने भागा आणि तोच आकडा सॉफ्टवेअरमध्ये भरा. याच बोर्डावरून कॅमेऱ्यांची जागाही काढणार असाल आणि ३० चा भरलात, तर सगळ्या लांब्या आणि वेग सुमारे साडेतीन टक्के फुगतील. कोन मात्र बदलणार नाहीत, म्हणूनच ही चूक कोपराच्या अहवालात लपून राहते. बोर्ड फ्रेमच्या चारही कोपऱ्यांत न्या, तिरका धरा. नुसता मधोमध दाखवलात, तर कडांचा बाक सॉफ्टवेअरला कळत नाही. ऑटोफोकस आणि स्टॅबिलायझेशन बंद ठेवा आणि यानंतर झूमला हात लावू नका.

जागेसाठी १९७१ सालची, अब्देल-अझीझ आणि करारा यांची डीएलटी (डायरेक्ट लिनिअर ट्रान्सफॉर्मेशन) पद्धत आजही उपयोगी आहे. प्रत्येक कॅमेऱ्याचे ११ गुणक काढायचे, त्यासाठी एकाच प्रतलात नसलेले किमान ६ ज्ञात बिंदू लागतात. सहा म्हणजे अगदीच किमान, वीसेक घ्या. महागडी फ्रेम नसेल तर गवंड्याचे ओळंबे टांगा आणि दोऱ्यांवर मोजून खुणा करा. उभी दिशा आपोआप बरोबर मिळते. वारा असेल तर वजन पाण्याच्या बादलीत सोडा, दोरा स्थिर राहतो. हे बिंदू पायापासून उंचावलेल्या हातापर्यंतची पूर्ण जागा व्यापणारे हवेत. त्या जागेबाहेर गणित आकडे देतच राहतं, पण भरवशाचे नाहीत. दोन कॅमेऱ्यांमधला कोन ९० अंशांच्या आसपास ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रिप्रोजेक्शन एरर (गणिताने काढलेली बिंदूची जागा आणि चित्रात दिसणारी जागा यांतला फरक) अर्ध्या पिक्सेलच्या खाली आला की मुलं खूश होतात. तो आकडा एवढंच सांगतो की दिलेले बिंदू गणितात नीट बसले. तुमच्या हालचालीच्या जागी मोजमाप खरं येतं का, हे वेगळं तपासावं लागतं. मी सुताराचा गुण्या (काटकोन तपासायचं अवजार) घेते, त्यावर तीन मार्कर (कॅमेऱ्यात ठळक दिसणाऱ्या खुणा) लावते आणि चेंडू सुटतो त्या उंचीवर, पुढे-मागे, कडांपर्यंत फिरवते. कोन सगळीकडे ९० च्या अगदी जवळ यायला हवा. कुठे ८६, कुठे ९३ येत असेल तर परत मांडणी करा. खेळाडूच्या अंगावर मार्करखाली कातडी सरकते ती चूक यात धरलेलीच नाही, तिची यात आणखी भर पडणार आहे.

सिंक, म्हणजे दोन्ही कॅमेऱ्यांची वेळ जुळवणं, हाही कॅलिब्रेशनचाच भाग माना. सेकंदाला ५० फ्रेमच्या दोन कॅमेऱ्यांत अर्ध्या फ्रेमचा फरक म्हणजे १० मिलिसेकंद. हात सेकंदाला २० मीटर वेगाने येत असेल, तर तेवढ्यात तो २० सेंटिमीटर सरकतो. टाळीच्या आवाजाने जुळवताना अंतर विसरू नका: १० मीटर लांबच्या कॅमेऱ्याला टाळी जवळपास २९ मिलिसेकंद उशिरा ऐकू येते. त्यापेक्षा दोन्ही कॅमेऱ्यांना दिसेल असा एलईडी लावा. तोही जवळच्या फ्रेमपर्यंतच जुळवतो, म्हणून शक्य असेल तर जास्त फ्रेमवर शूट करा.

फिजिओथेरपीतून आलेल्यांनी मॅट्रिक्सला घाबरू नये. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि ओपनसीव्ही हे चित्रांवर काम करणारं सॉफ्टवेअर यांवर हे सगळं फुकट करून बघता येतं. इंजिनिअरांनी मात्र कोपराचा सांधा आधी समजून घ्यावा.

आणि गुण्याचं रेकॉर्डिंग सत्र संपल्यावरही घ्या, कारण मध्येच कुणाचा तरी पाय ट्रायपॉडला लागतो. ते तिथेच लॅपटॉपवर तपासा, खेळाडू अजून मैदानात असतानाच, म्हणजे गरज पडली तर सहा चेंडू पुन्हा टाकून घेता येतात.