थंडीतले पडदे आणि माझी चौथी बॅच

कंपनीशी करार करून ब्रॉयलरचं (मांसाच्या कोंबड्यांचं) शेड घालणार असाल, तर पिल्लं, खाद्य, औषध त्यांचं आणि शेड, वीज, खाली अंथरायचं तूस, मजुरी आपली, हे तुम्हाला ठाऊकच असणार. शेडची लांबी पूर्व-पश्चिम, एका पक्ष्याला १ चौरस फूट जागा, हेही. ते परत सांगत नाही. मला चौथ्या बॅचबद्दल सांगायचंय. तोवर मला सगळं जमत होतं आणि तरीही पक्षी गेले.

आमचा निफाड तालुका. डिसेंबरात इथं द्राक्षबागा वाचवायला रात्री शेकोट्या पेटवतात. आधीच्या तीन बॅच उन्हाळ्या-पावसाळ्यात नीट निघाल्या होत्या. थंडी पडली तशी मी शेडचे पडदे पूर्ण बंद केले, फटींत पोती कोंबली, आत कोळशाच्या शेगड्या ठेवल्या. पिल्लाचे पाय गालाला लावून बघायची, उबदार लागायचे. सातव्या दिवशी सरासरी वजन १७० ग्रॅम भरलं. त्या रात्री मी निवांत झोपले.

चोविसाव्या दिवसापासून मर सुरू झाली. रोज ५-७, मग १५, मग २०. मरायचे तेही अंगानं भरलेले पक्षी, तुरा काळानिळा, पोट ताणलेलं. डॉक्टरांनी एक पक्षी माझ्यासमोर फाडला. पोटातून पिवळसर पाणी ओट्यावरून खाली ओघळलं. हृदय एका बाजूनं फुगून सैल पडलेलं. त्यांनी एवढंच विचारलं, "ताई, पडदे दिवसातून किती वेळ उघडता?"

मी उघडतच नव्हते.

हे नीट समजून घ्या. ब्रॉयलर झपाट्यानं वाढतो, म्हणून त्याला हवा भरपूर लागते. थंडीत अंग गरम ठेवायला आणखी लागते. आणि नेमकी तेव्हाच आपण हवा तोडतो. शेगड्याही तीच हवा खातात. फुप्फुसात रक्त ढकलताना हृदयावर ताण येतो, उजवी बाजू थकते आणि पोटात पाणी साचतं. वरून बंद शेडमध्ये तूस ओलं होतं, त्यातून अमोनिया सुटतो. याला औषध नाही. लिव्हर टॉनिकच्या बाटल्या घेऊन कोणी दारात आलं तर पैसे देऊ नका, मी दिले होते.

सगळ्यात मोठा धोका आपल्या नाकाचा. रोज शेडमध्ये वावरणाऱ्याला अमोनियाचा वास येईनासा होतो. माझी नणंद दारातूनच डोळे चोळत मागे फिरली होती आणि मी तिला म्हटलं होतं, "तुला सवय नाही." सवय मला झाली होती, तीच चूक. आता मी पहाटे, पडद्याला हात लावण्याआधी, बाहेरच्या हवेतून थेट आत जाते आणि पक्ष्याच्या उंचीला गुडघ्यावर बसून श्वास घेते. डोळे चुरचुरले तर रात्री हवा कमी पडली. मूठभर तूस दाबून बघते, गोळा तसाच राहिला तर ओल आहे. मग तूस खालीवर करायचं, पाण्याच्या निपलच्या खालचं ओलं काढून कोरडं टाकायचं.

पडदा खालच्या बाजूनं पक्का बांधा आणि वरून उघडेल असा लावा. वर फूट-दीड फूट फट ठेवली की वाईट हवा निघते आणि गार वारा थेट पिल्लांच्या अंगावर येत नाही. आमचे पडदे उलटे होते, खालून गुंडाळायचे. ते बदलायचा खर्च त्या एका बॅचच्या नुकसानीपुढं काहीच नव्हता. ऊब कमी पडते असं वाटलं तर पिल्लांची जागा आतून आवळा, शेगडी वाढवा, फट बुजवू नका.

त्या बॅचला ३९० पक्षी गेले. उशिरा मेलेला पक्षी दोन-सव्वादोन किलो खाद्य खाऊन जातो, वजनात मात्र शून्य. म्हणून एफसीआर, म्हणजे किलोभर वजनाला लागलेलं खाद्य, चढला आणि पक्षी वाढवल्याबद्दल कंपनी देते तो दर कापला गेला. हे मला हिशेब हातात पडल्यावर कळलं, कारण खाद्याची पोती आणि मर मी रोज लिहीतच नव्हते. कंपनीच्या सुपरवायझरच्या कार्डावर विसंबले. माझं ठाम मत आहे, स्वतःची वही नसेल त्यानं शेड घालू नये. दिवस, मर, खाद्य, आठवड्याचं वजन, रात्रीचं कमीत कमी तापमान, एवढे पाचच रकाने.

शिकायचं कुणाकडून? उरुळी कांचनला पोल्ट्रीचं प्रशिक्षण मिळतं, शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, जरूर जा. पण त्याआधी एखाद्या जुन्या शेडवर पिल्लं उतरल्यापासून गाडी भरेपर्यंत एक अख्खी बॅच राबा, पगार नाही मिळाला तरी. मोबाईलवरच्या व्हिडिओत रात्री दोनचं शेड कुणी दाखवत नाही.

घाबरू नका मात्र. पुढच्या वर्षी त्याच थंडीत, त्याच शेडमध्ये माझे ५,००० पैकी ४,८५० पक्षी निघाले, सरासरी २.१ किलो, खाद्य १७,३०० किलो. एफसीआर १.७. तुम्हालाही जमेल. फक्त पहिली बॅच डिसेंबर-जानेवारीत किंवा एप्रिल-मेमध्ये घेऊ नका. कंपनी पिल्लं द्यायला तयार असली तरी थांबा, तोवर पडदे वरून उघडतील असे करून घ्या.